हिवाळ्यातील कॉट्सवोल्ड : हातोडा, कोयता आणि कुंभाराचे चाक

गुरुवार

लंडनच्या पॅडिंग्टनहून सुटलेली गाडी ऑक्सफर्ड ओलांडून पुढे गेली, तशी दोन्ही बाजूंची शेते उघडी पडू लागली. पाने झडलेले ओक, पाणी साचलेली कुरणे आणि चिखलाने माखलेल्या मेंढ्या असे जानेवारीअखेरचे इंग्लंड दीड तास पाहून आम्ही कॉट्सवोल्ड या टेकड्यांच्या प्रदेशातल्या मॉर्टन-इन-मार्श या छोट्या स्थानकावर उतरलो. लंडनमध्ये राहणाऱ्या भाच्याने "मामा, मे महिन्यात जा, आत्ता तिथे चिखलाशिवाय काय आहे?" असे म्हणून आम्हाला परावृत्त करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला होता. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. मे ते सप्टेंबर या काळात येथील बागा फुलतात, जुनी घरे लोकांसाठी उघडतात आणि बायबरी किंवा बोर्टन-ऑन-द-वॉटरसारख्या गावांत पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. परंतु मधाच्या रंगाच्या दगडाची घरे, नीट राखलेली कुंपणे, शेकोटी आणि जाडजूड मातीचे पेले असे इंग्रजी खेड्याचे जे चित्र जगभरच्या मासिकांत छापले जाते, ते प्रत्यक्षात कोणाच्या हातांनी टिकून आहे हे मला पाहायचे होते, आणि त्यातली बरीच कामे हिवाळ्यातच होतात.

मॉर्टनहून बसने चिपिंग कॅम्पडेनला पोहोचेपर्यंत साडेचार वाजले होते आणि सूर्य मावळत होता. आमचा मुक्काम एका वृद्ध दांपत्याच्या घरी होता. त्या घराचे केंद्र म्हणजे स्वयंपाकघरातली आगा शेगडी. ओतीव लोखंडाची, क्रीम रंगाच्या एनॅमलची आणि सदैव तापलेली ही अवजड वस्तू केवळ अन्न शिजवत नाही. तिच्यापुढच्या दांडीवर ओले मोजे वाळतात, तिच्या पायाशी कुत्रे झोपते आणि बाहेरून येणारा प्रत्येक माणूस बोलायला सुरुवात करण्याआधी तिला पाठ टेकून उभा राहतो. इंग्रजी ग्रामीण गृहस्थीची ही खूण मूळची स्वीडिश आहे, हे घरमालकांनी स्वतःच हसत सांगितले. १९१२ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले गुस्ताफ दालेन त्याच वर्षी स्फोटात अंध झाले आणि पुढे १९२२ मध्ये त्यांनी ही शेगडी तयार केली.

शुक्रवार

कॅम्पडेनचा मुख्य रस्ता किंचित वळत जातो, त्यामुळे एका नजरेत तो संपत नाही. या गावाचा पैसा लोकरीचा. १३८० च्या सुमारास बांधलेले विल्यम ग्रेव्हेल या व्यापाऱ्याचे घर अजून उभे आहे. तो १४०१ मध्ये वारला आणि चर्चमधील त्याच्या पितळी स्मृतिपटावर त्याला सगळ्या इंग्लंडच्या लोकरव्यापाऱ्यांचे भूषण म्हटले आहे. रस्त्याच्या मध्यभागी १६२७ साली सर बॅप्टिस्ट हिक्सने लोणी, चीज आणि कोंबड्यांच्या बाजारासाठी बांधलेला दगडी मंडप आहे. त्याची फरशी पावलांनी इतकी झिजली आहे की खळग्यांतून पावसाचे पाणी साचते. हे सगळे पाहायला तासभर पुरतो. आम्ही आलो होतो ते शीप स्ट्रीटवरच्या जुन्या रेशीमगिरणीसाठी.

सी. आर. अ‍ॅशबी या वास्तुरचनाकाराने १८८८ मध्ये लंडनच्या ईस्ट एंड भागात 'गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट' ही कारागिरांची सहकारी संस्था काढली. यंत्रयुगावर टीका करणारे इंग्रज लेखक रस्किन आणि विल्यम मॉरिस यांच्या विचारांनी तो भारलेला होता. यंत्राने मजुराला कामातला आनंदच उरू दिला नाही, हे त्याचे मुख्य दुःख. १९०२ मध्ये सुमारे ५० कारागीर आणि त्यांची बायकामुले असा दीडशेच्या आसपास माणसांचा काफिला त्याने लंडनमधून या गावात आणला आणि बंद पडलेल्या रेशीमगिरणीत चांदीकाम, मीनाकाम, सुतारकाम आणि लोहारकाम सुरू केले. खेड्यातली साधी, सुंदर, हाताने घडवलेली वस्तू म्हणून आज जे विकले जाते, त्याचा मोठा भाग अशा शहरातून आलेल्या माणसांनी विचारपूर्वक उभा केलेला आहे, ही गोष्ट मला या प्रवासात वारंवार दिसत राहिली. गिल्ड मात्र १९०८ मध्ये बुडाले. तशाच धाटणीचे दागिने आणि भांडी मोठी दुकाने यंत्रावर करून स्वस्तात विकू लागली. शिवाय लंडनमध्ये मंदीच्या काळात कारागीर दुसरीकडे चार महिने काम धरू शकत असे. येथे शेतमजुरीखेरीज दुसरे काम नव्हते.

त्या वेळी जॉर्ज हार्ट हा चांदीकाम करणारा येथेच राहिला आणि त्याच्या कुटुंबाचे काम गिरणीच्या त्याच मजल्यावर आजही चालू आहे. लाकडी जिना चढून गेल्यावर दार उघडेच होते आणि प्रवेशशुल्क वगैरे काही नव्हते. लांबलचक खिडकीखाली झिजलेली बाके, बाकांच्या कडेला अर्धवर्तुळाकार खाचा, भिंतीवर शेकडो हातोड्या, आणि छताला टांगलेले जुन्या बिलांचे व कामाच्या कागदांचे पिवळे पडलेले जुडगे. एक कारागीर चांदीच्या पत्र्याची वाटी उचलत होता. पोलादी खुंटाच्या गोल माथ्यावर पत्रा टेकवून तो एकाच लयीत ठोके देई आणि प्रत्येक ठोक्याबरोबर पत्रा बोटभर फिरवी. काही फेऱ्यांनंतर ठोक्याचा आवाज बदलला, म्हणजे चांदी ताठर झाली. त्याने वाटी ज्योतीखाली मंद लाल होईपर्यंत तापवली, पाण्यात विझवली, आम्लाच्या पातेल्यात बुडवली आणि पुन्हा खुंटावर घेतली. एका वाटीसाठी ही आवर्तने कितीतरी वेळा करावी लागतात. शेवटी हलक्या हाताने दिलेल्या ठोक्यांच्या बारीक पैलूंनी जो पृष्ठभाग तयार झाला, तो पाहून पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम आठवले. गिल्डच्या कारागिरांनी हे ठोके घासून न काढता मुद्दाम दिसू दिले. हाताचे काम हाताचे दिसावे, हा त्यामागचा आग्रह.

चर्चसाठी पेले, संस्थांसाठी मानचिन्हे, कोणाच्या आजीच्या चहादाणीची निखळलेली मूठ अशी कामे येत राहतात, असे त्याने मान वर न करता सांगितले. अ‍ॅशबीचे तत्त्वज्ञान या जागेला सहा वर्षे पुरले आणि दुरुस्तीच्या कामांनी तिला शंभरांहून अधिक वर्षे जगवले, असे माझे मत झाले.

शनिवार

कॅम्पडेनहून ब्रॉड कॅम्पडेन मैलभर अंतरावर आहे. पायवाट शेतांतून जाते आणि जानेवारीत गुडघ्यापर्यंत चिखल असतो, म्हणून घरमालकांनी दिलेले रबरी बूट आम्ही निमूटपणे घातले.

वाटेत एका शेताच्या कडेला दोघे जण वई घालत होते. हिवाळ्यात रस खाली उतरलेला असतो आणि घरटी रिकामी असतात, म्हणून हे काम याच दिवसांत उरकतात; १ मार्च ते ३१ ऑगस्ट या पक्ष्यांच्या विणीच्या काळात शेतकऱ्यांना कुंपणाची छाटणी करायला बंदी आहे. त्यांची पद्धत आम्ही अर्धा तास थंडीत उभे राहून पाहिली. हॉथॉर्नचे मनगटाएवढे खोड बुंध्याशी कोयत्याने तिरके छाटायचे, पण पूर्ण तोडायचे नाही. साल आणि तिच्याखालचे बोटभर लाकूड शिल्लक ठेवून ते खोड अलगद आडवे करायचे. एकावर एक अशी खोडे निजवत जायचे, मध्ये हातभर अंतराने खुंट ठोकायचे आणि वरच्या बाजूला हेझलच्या लवचिक फोका वेणीसारख्या गुंफायच्या. त्या शिल्लक सालीतून रस वाहतो, खोड जगते आणि वसंतात बुंध्यापासून नवे कोंब सरळ वर येतात, त्यामुळे वई खालपासून दाट होते. किती छाटायचे याचा अंदाज मोजपट्टीने येत नाही. थोडे कमी छाटले तर खोड वाकताना फाटते, थोडे जास्त झाले तर मरते. म्हाताऱ्याच्या हातातला कोयता त्याच्या वडिलांचा होता. तरुण मदतनीस आठवडाभर ब्रिस्टलमध्ये संगणकावर काम करतो आणि शनिवारी हे शिकायला येतो, हे कळल्यावर अ‍ॅशबीची परंपरा अगदीच खुंटली नाही असे वाटले.

ब्रॉड कॅम्पडेनमध्ये पाहायचे होते ते नॉर्मन चॅपल, म्हणजे बाराव्या शतकातील एका पडक्या प्रार्थनामंदिराचे अ‍ॅशबीने राहण्याजोगे केलेले घर. ते खासगी असल्याने रस्त्यावरूनच पाहावे लागते. १९०७ पासून काही वर्षे येथे कलामीमांसक आनंद कुमारस्वामी राहत होते. कोलंबोत जन्मलेला, तमिळ वडील आणि इंग्रज आई यांचा हा मुलगा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. मॉरिसच्या मृत्यूनंतर त्याची छापयंत्रे अ‍ॅशबीने घेतली होती. त्याच यंत्रांवर कुमारस्वामींनी सिंहली कलेवरचा आपला मोठा ग्रंथ १९०८ मध्ये या घरी हाताने छापून घेतला. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, त्यानंतरची ही दोन-तीन वर्षे. विलायती मालाची नक्कल देशी गिरण्यांत करणे म्हणजे स्वदेशी नव्हे, आधी आपल्या कारागिराची कला जगली पाहिजे, असे कुमारस्वामी त्या काळात लिहीत होते. त्या विचाराची एक घडण ग्लॉस्टरशरच्या या चिखलवाटेवर झाली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. घरावर लक्ष वेधून घेणारे काही नाही आणि आमच्याखेरीज तेथे कोणी थांबलेही नाही.

संध्याकाळी एका मद्यगृहात स्किटल्सचा सामना होता. मागच्या अंगाला लांब लाकडी गल्ली, टोकाला नऊ लाकडी खुंट्या, फळ्यावर खडूने मांडलेले गुण, आणि प्रत्येक फेकीनंतर खुंट्या उभ्या करणारा एक कंटाळलेला पोरगा. ग्लॉस्टरशरमध्ये या खेळाच्या स्पर्धा मुख्यत्वे हिवाळ्यात चालतात, कारण उन्हाळी संध्याकाळी सगळे क्रिकेटमध्ये असतात. जवळच्या डॉनिंग्टन गावातील १८६५ पासून चालू असलेल्या भट्टीची बिअर, शेकोटी आणि पराभूत संघाने सर्वांसाठी मागवलेले चिप्स, असा शनिवारचा कार्यक्रम रात्री साडेदहाला संपला.

रविवार

रात्री कडाक्याचे धुके गोठले होते. छपरांवरच्या दगडी पाट्या पांढऱ्या दिसत होत्या आणि न्याहारीच्या वेळी घरमालकांनी त्या पाट्यांची हकिकत सांगितली. ऑक्सफर्डशरमधल्या स्टोन्सफील्ड गावात हा दगड खणून काढल्यावर तो ओला राहील अशा बेताने मातीखाली झाकून ठेवत. जानेवारीत कडक गोठणाची रात्र आली की चर्चची घंटा वाजवून गाव जागे करत आणि बाया-माणसे अंधारात जाऊन दगडाचे ढीग उघडे करत, त्यांवर पाणी ओतत. थरांतले पाणी गोठून फुगे आणि दगड आपोआप पातळ पाट्यांत सुटे. हिवाळा सौम्य गेला तर वर्षभराचे काम वाया जाई. त्या पाट्या छपरावर लावताना सर्वांत मोठ्या खाली वळचणीला आणि वर जाताना लहान लहान अशा लावतात. हे एकदा कळल्यानंतर या भागातले कोणतेही छप्पर आपण नुसते पाहू शकत नाही, पाट्या मोजू लागतो.

आम्ही डोव्हर्स हिलवरून ब्रॉडवेकडे चालत निघालो. कॅम्पडेनहून बाथपर्यंत १०२ मैल जाणाऱ्या कॉट्सवोल्ड वे या पायवाटेचा हा पहिला टप्पा. डोव्हर्स हिलच्या नैसर्गिक उतारावर १६१२ च्या सुमारास रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने खेळांचा उत्सव सुरू केला. त्यात एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारण्याची कुस्तीही आहे आणि ती आजही उन्हाळ्यात होते. पुढे ३१२ मीटर उंचीच्या टेकडीवर ब्रॉडवे टॉवर. १७९८ च्या सुमारास केवळ दिसायला सुंदर म्हणून बांधलेला हा खोटा किल्ला. १८७६ मध्ये विल्यम मॉरिस येथे सुटीला राहिला होता आणि पुढच्याच वर्षी त्याने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या दगडाला नवे रूप देण्याच्या नावाखाली खरवडू नका, जसे आहे तसे डागडुजी करून ठेवा, हा तिचा मंत्र.

थंडीबद्दल सांगायचे तर घरमालकांनी मला त्यांचे मेणकापडी जाकीट दिले होते. मेण मुरवलेल्या जाड सुती कापडाचे हे जाकीट इंग्रजी ग्रामीण पेहरावाचा कणा आहे. बार्बर या कंपनीची सुरुवात १८९४ मध्ये साउथ शील्ड्स या बंदरात झाली आणि तिची नेहमीची मेणकापडी जाकिटे अजून तेथेच शिवली जातात. दरवर्षी डब्यातले मेण गरम पाण्यात वितळवून बोळ्याने कापडावर, विशेषतः शिवणींवर, चोळावे लागते. माझ्या अंगावरच्या जाकिटाच्या कोपराला दोन रंगांची ठिगळे होती आणि खिशात सुतळी, कुत्र्याची शिट्टी व एक जुने बिस्किट निघाले. ब्रॉडवेच्या दुकानांत तसलीच कोरी जाकिटे घालून लंडनहून आलेली मंडळी फिरत होती. ठिगळांवरून गावचा कोण आणि पाहुणा कोण हे लगेच कळत होते. एरवी ज्याला कोणी विचारले नसते अशा मला दोघांनी रस्ता विचारला, तो त्या ठिगळांचा प्रताप.

ब्रॉडवेतील लिगन आर्म्स या जुन्या खाणावळीशी गॉर्डन रसेलचे नाव जोडलेले आहे. १९०४ मध्ये त्याच्या वडिलांनी ती विकत घेतली, तिच्यासाठी जमवलेले जुने फर्निचर दुरुस्त करता करता मुलगा सुतारकामाकडे वळला, आणि दुसऱ्या महायुद्धात लाकडाची टंचाई असताना सरकारने सामान्य घरांसाठी जे साधे, भक्कम फर्निचर नेमून दिले, त्याच्या आराखड्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली. त्याने यंत्राशी वैर धरले नाही, हे मला अ‍ॅशबीपेक्षा शहाणपणाचे वाटते.

सोमवार

दिवसभर पाऊस. घरमालकीणबाईंनी मार्मालेडचा घाट घातला, कारण सेव्हिलची कडू संत्री बाजारात फक्त याच सुमारास काही आठवडे मिळतात. संत्री स्पेनची, पण हिवाळ्यात घरी मार्मालेड न करणारे घर या गल्लीत नाही, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. आदल्या रात्री आम्ही साली बारीक चिरून पाण्यात भिजवल्या होत्या आणि बिया मलमलीच्या पुरचुंडीत बांधल्या होत्या. घट्टपणा आणणारा गुण त्या बियांत असतो. साली बोटांनी दाबल्यावर चुरगळण्याइतक्या शिजल्याखेरीज साखर घालायची नाही, कारण नंतर त्या मऊ होत नाहीत. एक थेंब थंड बशीवर टाकून बोटाने सरकवल्यावर त्यावर सुरकुती पडली की झाले. सुरकुती पडायला दुपारचे तीन वाजले.

मंगळवार

विंचकोंबजवळच्या ग्रीट येथील कुंभारकामाची जागा पाहणे हा या प्रवासाचा मुख्य हेतू होता. सेंट आइव्ह्ज येथे बर्नार्ड लीचकडे शिकलेला मायकेल कार्ड्यू १९२६ मध्ये येथे आला आणि बंद पडलेली खेडूत कुंभारांची भट्टी त्याने पुन्हा पेटवली. त्याच जागेवर आधी काम केलेला एलिजा कम्फर्ट हा वयस्क कुंभार त्याने पुन्हा चाकावर बसवला, म्हणजे सुशिक्षित तरुणाने अडाणी समजल्या गेलेल्या म्हाताऱ्याकडून हात शिकून घेतला. १९३६ मध्ये रे फिंच येथे आला, १९४६ मध्ये त्याने जागा विकत घेतली आणि जवळपास अखेरपर्यंत तो रोजच्या वापराचीच भांडी करत राहिला. २०१२ मध्ये त्याचे निधन झाले.

आवारात बाटलीच्या आकाराची जुनी विटांची भट्टी आता निवांत उभी आहे. आत कारागीर पेले करत होता. तराजूवर मातीचे सारख्या वजनाचे गोळे आधी मोजून मांडलेले. गोळा चाकावर आपटला, दोन्ही तळव्यांनी मध्यावर आणला, अंगठा आत गेला आणि भिंत वर चढली, एवढे होईपर्यंत मिनिटही गेले नसेल. पण मूठ लावायला वेळ लागतो. मातीचा गाजरासारखा तुकडा ओल्या हाताने पुन्हा पुन्हा खाली ओढत लांबवायचा आणि तो स्वतःच्या वजनाने जसा वळेल तसा पेल्याला चिकटवायचा. हिवाळ्यात भांडी आठवडाभरही वाळत नाहीत, चाकाजवळच्या पाण्यात हात घालणे नकोसे होते आणि ओली भांडी रात्री गोठली तर तडकतात, म्हणून फळ्या शेकोटीच्या बाजूला सरकवून ठेवल्या होत्या. लाकडावर पेटणारी भट्टी जवळपास १३०० अंशांपर्यंत तापते. ज्योतीबरोबर उडणारी राख भांड्यांवर बसून वितळते, आणि ज्या बाजूने ज्वाला गेली ती बाजू तांबूस राहते. मी दोन पेले घेतले. त्यांची किंमत लंडनच्या दुकानातील साध्या पेल्याच्या कितीतरी पट होती, तरी त्यांत गेलेले तास पाहता ती कमीच म्हणावी लागेल.

बुधवार

शेवटच्या दिवशी सामान टॅक्सीवाल्याच्या हवाली करून आम्ही बोर्टन-ऑन-द-हिल ते लाँगबरो ही पायवाट धरली. दोन्ही बाजूंना मातीचुन्याविना रचलेले दगडी गडगे. कॉट्सवोल्डमध्ये असे सुमारे ४००० मैलांचे गडगे आहेत असे सांगतात. एका ठिकाणी गोठणाने ढासळलेला तुकडा नव्याने रचणे चालू होते: दोन तोंडे आतल्या बाजूला झुकती ठेवून वर न्यायची, मधली पोकळी बारीक दगडांनी हाताने भरायची, मध्ये आरपार जाणारे बांधदगड घालायचे आणि माथ्यावर दगड उभे लावायचे. "उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही," एवढाच नियम रचणाऱ्याने आम्हाला सांगितला.

ही वाट सेझिनकोटच्या उद्यानातून जाते आणि ओकच्या झाडांमागे अचानक हिरव्या तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा मिळवलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या भावाने, सॅम्युएल पेपिस कॉकरेल याने, १८०५ च्या सुमारास हे मोगली धाटणीचे घर बांधले. छज्जे, छत्र्या, कमानी सगळे कॉट्सवोल्डच्या दगडात. भारतात फिरून चित्रे काढलेल्या थॉमस डॅनियलचा सल्ला बागेसाठी होता. पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झालेल्या राजपुत्राने हे घर पाहिले आणि त्याचा परिणाम ब्रायटनच्या राजवाड्यावर झाला. छज्ज्याखाली इंग्रजी पाऊस पडत होता आणि समोर मेंढ्या चरत होत्या.

टॅक्सीने पुढे डेल्सफर्डला गेलो. हेही घर त्याच सॅम्युएल कॉकरेलचे काम, पण वॉरन हेस्टिंग्जसाठी. घराण्याच्या हातून गेलेली ही जमीन परत मिळवणे हे त्याचे लहानपणापासूनचे स्वप्न होते आणि ती त्याने १७८८ मध्ये, म्हणजे पार्लमेंटमध्ये त्याच्यावर महाभियोगाचा खटला सुरू झाला त्याच वर्षी, विकत घेतली. वडगावचा पराभव आणि १७८२ चा सालबाईचा तह ज्याच्या कारकिर्दीत झाला, तो मनुष्य आपल्या उत्तरायुष्यात येथे शेती आणि बागकाम करत १८१८ मध्ये वारला. त्याच वर्षी पेशवाई संपली. चर्चच्या मागे त्याचे दगडी स्मारक आहे.

तेथून काही मिनिटांवर डेल्सफर्डचे प्रसिद्ध शेतमालाचे दुकान आहे. सरपणाच्या वेताच्या टोपल्या, मातीचे पेले, जाड लोकरीचे पांघरूण, घरच्या गाईंचे चीज, असे आम्ही गेले काही दिवस चिखलात उभे राहून पाहिलेले सगळे येथे उबदार प्रकाशात, नेटके मांडून आणि भरमसाट किमतीला ठेवले आहे. माल उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु वई घालणाऱ्या म्हाताऱ्याला त्याच्या दिवसाच्या मजुरीत येथून काय नेता येईल, याचा हिशोब मी करून पाहिला आणि तो चीजच्या एका तुकड्यापुढे फारसा सरकला नाही. आम्ही सूप आणि पाव घेतला, पायांखालचा चिखल दारातल्या ब्रशवर घासला आणि किंगहॅम स्थानकावरून पावणेचारची गाडी धरली.